टुंजोबाचे डोळे

पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी अकरा वर्षं काम केलं. झाडातून रडण्याचा आवाज, बंद घरात लागलेले दिवे, विहिरीवरची बाई… अशी बातमी आली की मी वार्ताहराला तीन प्रश्न विचारायचे. कुणी पाहिलं? किती अंतरावरून? आणि त्याच्या आधी तिथे काय होतं, हे कुणी पाहिलं होतं का? तिसऱ्या प्रश्नाला एकाही वार्ताहराकडे कधी उत्तर नसायचं आणि बातमी टोपलीत जायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

आता माझी अडचण अशी आहे, की या वेळी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच फोनमध्ये आहे. फोटो आहे. वेळ दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटं.

आम्ही लंडनमध्ये पिनरला राहतो. मी, नवरा मिहिर आणि सुट्टीत युनिव्हर्सिटीतून घरी येणारी मुलगी रेवा, वय वीस. गेल्या वर्षी मे महिन्यात माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. सासवडला त्यांनी पंचेचाळीस वर्षं टाक केले. देवघरातला चांदीच्या पत्र्याचा चपटा, बोटभर देव म्हणजे टाक, हे तुम्हाला सांगायला नको. रेवाला सांगावं लागलं होतं.

नानांच्या टाकांचं नाव होतं ते डोळ्यांसाठी. पत्रा ठशावर ठोकून देव उठवणं कुणीही शिकतं. डोळे सगळ्यात शेवटी, बारीक छिन्नीने. त्याला ‘डोळे उघडणं’ म्हणतात. नाना ते काम आंघोळ करून, आतल्या खोलीत, दार लावून करत. त्या वेळात त्यांना कुणी हाक मारायची नाही, असा घरचा नियम होता. फक्त सासूबाई चहा घेऊन आत जायच्या. गिऱ्हाइकं म्हणायची, दुसऱ्यांचे देव नुसते बसतात, नानांचा देव बघतो.

सासूबाई, इंदूबाई, चार वर्षांपूर्वी गेल्या. आमच्या घरात गेलेल्या माणसाचा टाक करून वर्षाच्या आत देवघरात बसवतात. त्यांचा टाक झालाच नव्हता. नानांचा हात कापतो; शर्टाची बटणंही दुसऱ्याने लावून द्यावी लागतात. आणि दुसऱ्या सोनाराकडून टाक करून घ्यायला ते तयार नव्हते. मिहिरने एकदा मशीनवर छापलेला टाक मागवायचा विषय काढला.

“तुझ्या आईला छापून आणतोस?” नाना म्हणाले. “ती काय लग्नपत्रिका आहे?”

विषय संपला. मात्र सासूबाईंचा कमरेचा चांदीचा छल्ला नाना कापडी पिशवीत घालून सासवडहून पिनरपर्यंत घेऊन आले होते. टाक होईल तर त्याच चांदीचा, हे त्यांचं ठरलेलं होतं. आमच्या इथल्या देवघरात दोन टाकांच्या मध्ये त्यांनी आल्या आल्या चार बोटं जागा करून ठेवली. रोज सकाळी ती रिकामी जागा पुसायचे. पुसताना बोलायचे नाहीत.

जूनमध्ये रेवा आणि मी त्यांना मध्य लंडनमधल्या एका म्युझियममध्ये घेऊन गेलो. एका दालनात कोलंबस अमेरिकेला पोचण्याच्याही आधीचं, तिकडच्या लोकांनी घडवलेलं सोनं मांडलेलं होतं. बेडूक, पक्षी, नाकात घालायच्या चकत्या. नाना एका कपाटापुढे थांबले. आत बोटभर उंचीचा, चपटा, खाली निमुळता होत गेलेला माणूस होता. छातीवर हात, आणि चेहऱ्यावर बारीक तारेचे डोळे. नानांनी टोपी काढली आणि हात जोडले.

“नाना, म्युझियम आहे हे,” मी हळूच म्हणाले.

“टाक आहे तो. कुठल्या गावचा?”

रेवाने पाटी वाचली. “कोलंबियाची आहे, आजोबा. मुइस्का लोकांची. त्याची नाव टुंजो.”

“त्याचं नाव.”

“त्याचं नाव टुंजो. देवाला द्यायला करायचे. मग तळ्यात टाकायचे, नाहीतर मडक्यात घालून पुरायचे.”

“टुंजोबा,” नाना म्हणाले, आणि त्या क्षणी तो खंडोबाच्या शेजारी जाऊन बसला. मग त्यांनी काचेला नाक लावलं. “पत्र्याचं काम नाही हे. ओतीव आहे. मेणाचा केलाय, मेणाच्याच तारेने डोळे काढलेत, वर माती लिंपून मेण वितळवलंय आणि त्या पोकळीत सोनं ओतलंय. आणि ओतल्यावर घासलंसुद्धा नाही! कडा बघ. आळशी सोनार.”

पहारेकरी आमच्याकडे बघून हसला. नाना तिथून पंधरा मिनिटं हलले नाहीत. परतीच्या ट्रेनमध्ये एकदम म्हणाले, “मेण बरं. मोडलं तर जोडता येतं.”

रेवाने तेवढं ऐकलं आणि फोन काढला. पिनर यायच्या आत तिने वर्कशॉप शोधून तिघांची नावं दिली होती. दोन शनिवार, हाउन्सलोला, मुइस्का पद्धतीचं ओतकाम.

वर्कशॉप म्हणजे एका जुन्या हॉलची मागची बाजू होती. शिकणारे आम्ही आठ जण. शिकवणारी मार्सेला बोगोटाची, पन्नाशीची, हातांवर भाजल्याचे जुने डाग. नानांनी आधी ते डाग पाहिले आणि मग तिला नमस्कार केला. हीथ्रो जवळ असल्यामुळे दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं. तेवढा वेळ मार्सेला वाक्याच्या मधोमध, तोंड उघडं ठेवून थांबायची आणि विमान गेलं की पुढच्या शब्दापासून सुरू करायची.

ती इंग्रजीत सांगत होती, रेवा मराठीत आणत होती.

“आजोबा, ती म्हणते, ते लोक सोन्यात तांबं घालायचे.”

“किती?”

“कधी कधी निम्म्याच्या वर.”

“आमच्याकडे याला लबाडी म्हणतात. सांग तिला.”

रेवाने सांगितलं. मार्सेला मोठ्याने हसली. तांब्यामुळे धातू कमी आचेवर वितळतो आणि केसासारख्या तारेतही शिरतो, तिने समजावलं. मग आंबट पाल्याचा रस लावून पुन्हा पुन्हा तापवलं की वरचं तांबं निघून जातं, वर सोनं तेवढं राहतं.

“आंबटाने उजाळायचं!” नाना खुर्चीतून अर्धे उठले. “चिंच! विचार, चिंच होती का त्यांच्याकडे?”

चिंच नव्हती.

“चिंच नसताना जमवलं. हुशार माणसं. आता विचार, घासत का नव्हते?”

मार्सेलाचं उत्तर मी वहीत लिहून घेतलं, कारण जुनी सवय. ती म्हणाली, “टुंजो मिरवायला नव्हता, द्यायला होता. साच्यातून जसा येईल तसा. बाहेर आल्यावर दुरुस्ती नाही.”

“आणि डोळे कधी उघडायचे?”

रेवा अडखळली, पण तिने शब्दशः विचारलं. मार्सेलाला प्रश्न लगेच कळला. “मेणातच. नंतर काहीच करता येत नाही.”

“म्हणजे आधीच,” नाना म्हणाले.

चांदीचा छल्ला त्यांनी तेव्हाच पिशवीतून काढून बाकावर ठेवला. बाकी सगळ्यांचं ओतकाम वर्कशॉपच्या मिश्रधातूत होणार होतं. रेवा म्हणाली, आधी त्यातच एक करून बघू या, छल्ला एकच आहे. नाना म्हणाले, “दुसऱ्यांदा धीर व्हायचा नाही मला.”

मेणाचा चपटा देह त्यांनी अंगठ्याने दाबून केला. पदर केला, हात केले. अंगठ्याच्या जोरावर होतं तेवढं छान झालं. मग चेहरा आला. मेणाची तार शेवयांपेक्षा बारीक असते. ती उचलून डोळ्याच्या आकारात बसवायची. पहिली तार मोडली. दुसरी भलतीकडे चिकटली. पाचव्या तारेला त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“मी लावू का?” रेवाने विचारलं.

“तुझ्या आजीचे डोळे तू लावणार? तुला आजी ‘तो’ की ‘ती’ इथून तयारी आहे.”

“आजी ती! तेवढं येतं मला!”

हसणं झालं. विमान गेलं. तेवढ्यात मी एक गोष्ट पाहिली आणि तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. नानांनी हातातली सुई बाकावर ठेवली, आपलं स्टूल हातभर उजवीकडे सरकवलं आणि हात मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या डावीकडे, मेणासमोर, एका माणसाची जागा रिकामी झाली.

“काय झालं, नाना?”

“काही नाही. सवय.”

मी चहा आणायला गेले. परत आले तेव्हा ते तसेच बसले होते आणि मेणाचा चेहरा कोराच होता. नखासारखा गुळगुळीत. मी फोटो काढला तो याच वेळी. मग मार्सेला ट्रे घेऊन आली. तिने मेण तराजूवर ठेवलं: अडीच ग्रॅम. “डोळे नाहीत?” तिने विचारलं.

“राहू दे,” नाना म्हणाले. “होतील.”

मार्सेलाने रेवाकडे पाहिलं, रेवाने खांदे उडवले. मार्सेलाने स्वतःच्या हाताने माती आणि कोळशाच्या पुडीचा लेप त्यावर चढवला, ओल्या मातीत पाचचा आकडा कोरला आणि साचा फळीवर सुकायला ठेवला. अ‍ॅक्टन टाउनला ट्रेन बदलताना नाना मला म्हणाले, “कोऱ्या तोंडाचा टाक देवघरात बसत नाही, शर्वरी. छल्लाही जाणार आणि तीही यायची नाही.” हे ते शांतपणे म्हणाले. तरीही पुढच्या शनिवारी छल्ला बरोबर घेतला.

त्या शनिवारी साचे भट्टीत गेले, मेण वितळून गेलं. मार्सेलाने मुशीत छल्ला वितळवला. नाना आगीच्या रंगाकडे बघत होते. “अजून नाही… अजून नाही… आता!” ते मराठीत ओरडले. मार्सेलाने नेमकं तेव्हाच ओतलं. रेवाला भाषांतर करावं लागलं नाही.

गार झाल्यावर प्रत्येकाने आपापला साचा फोडायचा होता. पाच नंबर नानांनी फोडला. हातोडीला कापरा हात चालतो. काळं, मातीने भरलेलं काहीतरी निघालं. रेवाने ते नळाखाली धरून टूथब्रशने घासलं.

“आजोबा,” ती म्हणाली. आवाज बदललेला होता. “आजोबा, डोळे आली!”

“आले,” नाना सवयीने म्हणाले. मग त्यांनी तो टाक हातात घेतला.

मी काय पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते. अंतर एक फूट, उजेड खिडकीचा, वेळ दुपारची. चेहऱ्यावर दोन टपोरे डोळे होते, बारीक उठावाच्या रेषेत. बुबुळं होती. भुवया होत्या. सरळ नाक आणि त्याला तीन ठिपक्यांची नथ. मुइस्का टुंजोचे डोळे चिरेसारखे असतात, मिटल्यासारखे. हे तसे नव्हते. हे बघत होते.

मार्सेलाने पहिल्यांदा मला विचारलं, तुमच्यापैकी कुणी मधल्या आठवड्यात आलं होतं का? मग स्वतःच म्हणाली की किल्ली तिच्याकडेच असते, आणि लेप तर तिनेच चढवला होता, कोऱ्या चेहऱ्यावर. ओतताना राहिलेला दांडा कापून तिने टाक तराजूवर ठेवला. चांदी मेणाच्या साधारण साडेदहापट जड, म्हणजे अडीच ग्रॅम मेणाला सव्वासव्वीस ग्रॅमच्या आसपास चांदी लागायला हवी होती. भरली सत्तावीस आणि वर थोडी. “एवढा फरक पडू शकतो,” ती म्हणाली. नंतर पुन्हा एकदा म्हणाली, “पडू शकतो.”

घरी मिहिरने टाक पाहिला. तो इंजिनिअर आहे.

“क्रॅक्स,” तो म्हणाला. “साच्याला आतून तडे गेले की धातू त्यात शिरतो, रेषा उठतात. सिंपल.”

“तड्याला नथ घालता येते का?” मी विचारलं.

त्याने टाक उलटा केला, सुलटा केला. “मी फक्त प्रोसेस सांगतोय,” म्हणाला, आणि चष्मा शोधायला गेला.

रविवारी सकाळी मी भिंग घेऊन देवघरापुढे बसले. आमच्या लग्नात नानांनी दिलेला खंडोबाचा टाक काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. खंडोबाचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे, आणि डावी वरची पापणी दुहेरी आहे. पंचवीस वर्षं रोज पूजा केली, कधी लक्षात आलं नव्हतं. नव्या टाकाचा डावा डोळा किंचित मोठा होता. डावी वरची पापणी दुहेरी होती.

नाना टेबलाशी चहात खारी बुडवत होते.

“नाना, खंडोबाचे डोळे तुम्हीच उघडलेत ना?”

“नाही.”

“मग?”

“तिने.”

मिहिरने टोस्ट खाली ठेवला. “आईने? हा टाक?”

“हा, आणि लग्नानंतरचे सगळे.”

“अहो, पण तुम्ही तर दार लावून आत…” मी भिंग खाली ठेवलं. “काय करायचात आत?”

“चहा प्यायचो,” नाना म्हणाले.

रेवा खुर्चीवरून पडायची राहिली. नानाही हसायला लागले. इतकं, की खारी कपात पडली. मग त्यांनी सांगितलं. लग्नाचं पहिलं वर्ष होतं. एका गिऱ्हाइकाच्या टाकावर त्यांची छिन्नी घसरली, डावी पापणी फाटली. बाहेर दुकानात वडील बसलेले, म्हणजे आमचे बापू. त्यांनी पाहिलं असतं तर कातडं सोललं असतं. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आत आल्या. त्यांनी टाक पाहिला आणि एकच शब्द म्हणाल्या, “सरका.”

“मी सरकलो,” नाना म्हणाले. “तिने छिन्नी घेतली, फाटलेल्या पापणीवर दुसरी पापणी काढली आणि देव बघायला लागला. तेव्हापासून दर वेळी तेच. सरका म्हणाली, की मी हातभर उजवीकडे.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

“बापू होते तोवर सोय नव्हती. बापू गेले तोवर माझं नाव झालं होतं. नाव झाल्यावर खरं सांगणं फार अवघड, शर्वरी. तुम्हा पेपरवाल्यांना माहीत असेल.”

मी त्यांना त्या स्टुलाची आठवण करून दिली. “हाउन्सलोला काय झालं होतं, नाना?”

त्यांनी चमच्याने खारी काढायचा प्रयत्न केला. चमचा कपावर वाजत होता. “विमान जात होतं,” ते म्हणाले. “नीट ऐकू आलं नाही. पण ‘सरका’ असंच होतं.”

त्या सोमवारी टाक देवघरात बसवला. चार बोटांच्या जागेत अगदी बसला. घासला नाही, उजाळला नाही, कडांना मातीचा काळपटपणा तसाच आहे. मार्सेलाला बोलावलं होतं, ती आली, पुरणपोळी खाल्ली आणि जाताना दाराशी मला म्हणाली, “हे आमचे डोळे नाहीत. माझ्या वर्गात हे कुणी शिकवलं नाही.” नाना ऑक्टोबरपर्यंत रोज पूजा करत होते, आणि आता पूजा करताना बोलत होते. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, एकच तक्रार आहे.

“काय?”

“नाक. इतकं सरळ नव्हतं हो तिचं. बसकं होतं, मिहिरसारखं. जन्मभर तिने लोकांच्या देवांचे डोळे उघडले, तेव्हा ठशातलं नाक असेल तसं ठेवलं. स्वतःवर वेळ आली तर बघ काय केलं! घासून बसकं करू का जरा?”

“नाही, आजोबा!” रेवा वरच्या मजल्यावरून ओरडली. “बाहेर आल्यावर दुरुस्ती नाही!”

तीन प्रश्न मी स्वतःला विचारले आहेत. पाहिलं आम्ही सगळ्यांनी, एका फुटावरून, आणि आधी काय होतं त्याचा फोटो आहे. तडे, जास्तीची चांदी, कुणी केलेली गंमत हे सगळं तपासून झालं. काही हाती आलं नाही. माझ्या डेस्कवर ही बातमी आली असती तर मी काय केलं असतं, ते मला आजही ठरवता येत नाही. पण बातमी छापता येत नसली तरी चूक सुधारता येते. नानांना फोनवर विचारलं, ते म्हणाले, लिही. म्हणून हे शुद्धिपत्र:

सासवड आणि आसपासच्या ज्या घरांत नानांच्या हातचे टाक आहेत, त्यांनी डावी वरची पापणी भिंगाखाली पाहावी. दुहेरी असेल, तर ते डोळे नानांचे नाहीत. इंदूबाईंचे आहेत.